रेंजतात्या

घरात फायबर येते, पहिल्या महिन्याचं बिल भरून होतं आणि एका रात्री मागच्या खोलीत सिनेमा ऐन रंगात असताना पडद्यावर गोल चक्र फिरायला लागतं. त्या घटकेला घरातल्या एका कर्त्या पुरुषाच्या अंगात रेंजतात्या शिरतो, आणि एकदा शिरला की काही केल्या उतरत नाही. हे एका माणसाचं नाव नव्हे, पदाचं नाव आहे. पदावरचा माणूस साठीच्या थोडा अलीकडे-पलीकडे असतो. त्याचा मुलगा, सून नाहीतर जावई कंप्युटरमधला असतो. पण त्यांना विचारणं म्हणजे कमीपणा. दुकानातून काही विकत आणणं म्हणजे उधळपट्टी. आणि वायफायवाल्या पोराला फोन करणं म्हणजे तर सपशेल हार. तेव्हा घरात जे आहे त्यातूनच रेंज वाढवायची, हा त्याचा बाणा. कोथरूडच्या सोसायटीत हा गृहस्थ भेटतो, डोंबिवलीत भेटतो, न्यू जर्सीतल्या मराठी घरात तळघराच्या पायरीवर फोन उंच धरून उभा असलेलाही भेटतो. पण अस्सल नमुना पाहायचा तर मढला यायला हवं.

मढ जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला. कल्याणकडून माळशेज घाट चढून आलं की पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी लागतं, पलीकडे हरिश्चंद्रगड, आणि मग आमचं गाव. पावसाळ्यात शनिवार-रविवारी निम्मी मुंबई धबधब्याखाली भिजायला येते आणि डोकं पुसता पुसता विचारते, "इथं रेंज नाही का?" ज्या डोंगरासाठी एवढं पेट्रोल जाळून आली, तोच डोंगर टॉवरच्या आड उभा आहे, हे तिच्या गावीही नसतं.

आमच्या तात्यांची हयात एस.टी.त गेली. नारायणगाव आगारात कंडक्टर. कागदोपत्री निवृत्त झाले त्याला काही वर्षं झाली, पण अंगातली ड्युटी संपलेली नाही. चामडी पाकिटाचा पट्टा वागवून वागवून डावा खांदा कायमचा दोन बोटं खाली उतरलाय. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवतात तेही असं दाबून, की पलीकडून तिकीट पंच होऊन पडावं. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–नगर धावली, ही हकिगत ते अशी सांगतात, की त्या गाडीला डबल बेल यांनीच दिली असावी. प्रत्यक्षात तेव्हा तात्या जन्माला यायचे होते. जगातली कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर आधी ती एस.टी.त बसवावी लागते, त्याशिवाय ती तात्यांच्या डोक्यात शिरत नाही. वायफायही शेवटी याच दाराने आत आलं.

त्याआधीचा काळ बिकट होता. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईला गेलेली बिऱ्हाडं गावाकडे परतली. तात्यांकडे मुलगा, सून आणि नातू आले. सूनबाईंची नोकरी लॅपटॉपवरची, नातवाची शाळा मोबाइलवर. गावामागच्या टेकाडावर एका आंब्याखाली उभं राहिलं तर दोन काड्या मिळत. मग दुपारी त्या आंब्याखाली शाळा भरायची आणि संध्याकाळी कचेरी. अडचण एवढीच, की जुन्नर वन विभाग बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्र काढावं लागलं, एवढी त्यांची इथं वस्ती. दिवेलागणीनंतर टेकाडावर बसून "माझा आवाज येतोय का?" असं ओरडून विचारायची सोय नाही, साहेबांना नसेल येत, पण दुसऱ्या कुणाला हमखास येत असतो. सूनबाईंच्या मीटिंगा सातच्या आत संपत नसत, आणि बिबट्याची पाळी सातलाच सुरू होई.

पुढे फायबर आली. वायर ओढणारा पोरगा पुढच्या खोलीत शिरला, त्याला खिडकीजवळ कॅलेंडरचा खिळा दिसला. कॅलेंडर उतरलं, राउटर चढला. पोरगा चहा पिऊन गेला. राउटरची जागा ठरवण्याची पद्धत महाराष्ट्रभर बहुधा हीच आहे: जिथं वायर संपते तिथं किंवा जिथं खिळा असतो तिथं.

आता घर कसं, तर पुढची बाजू आजोबांच्या वेळची, दगड-मातीची, दीड हात जाडीच्या भिंती, वर कौलं. मध्ये माजघर. मागं मुलानं बांधलेली स्लॅबची खोली, तिथं सूनबाईंचं टेबल. त्याच्याही मागं पत्र्याचा गोठा. म्हणजे राउटर घराच्या तोंडाशी आणि त्याची गरज शेपटाशी. लहरींना कुणी पत्ता दिलेला नसतो, त्या चहूकडे पसरतात. त्यामुळे खिडकीतल्या राउटरची निम्मी रेंज कल्याण–नगर रस्त्यावर सांडत होती. घाट उतरणाऱ्या कांद्याच्या ट्रकांना फुल्ल काड्या, आणि सूनबाईंना गोल चक्र.

रस्त्यापलीकडच्या टपरीच्या बाकड्यावर पोरांची गर्दी वाढली, तेव्हा तात्यांना पहिला संशय आला. विनातिकीट प्रवासी त्यांना वासावरून कळतो. पासवर्ड होता 'मढ१२३४'. तो बदलून तात्यांनी आपला जुना बिल्ला नंबर टाकला. बाकडं दुसऱ्या दिवशीही भरलेलंच. कारण उघड होतं: तो नंबर गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे, गेली कित्येक वर्षं तात्याच सांगत आलेत. शेवटी पासवर्ड सूनबाईंनी ठेवला आणि तो तात्यांनाही सांगितला नाही. गळती त्या दिवशी थांबली.

रेंजतात्या कामाला लागला की पहिली गोष्ट करतो ती पाहणी. या बाबतीत आमचे तात्या इतर तात्यांपेक्षा सरस निघाले. नातवानं फोनमध्ये सिग्नल मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं, आणि तात्यांनी ट्रंकेतून जुनी कोरी वेबिलं काढली. ज्या कागदावर टप्प्याटप्प्याला उतारू मांडायचे, त्यावर आता ओटी, माजघर, न्हाणी, मागची खोली आणि गोठा असे टप्पे पडले. आकडे सगळे उणे. राउटरच्या पुढ्यात उणे तीस, माजघरात उणे पासष्ट, मागच्या खोलीत उणे ऐंशीच्याही खाली. मी समजावायला गेलो, की उण्यातला आकडा जितका लहान तितकी रेंज चांगली, उणे पासष्टपर्यंत व्हिडिओ सुखानं चालतो, ऐंशीला नुसता मेसेजही अडखळतो. तात्या म्हणाले, "मास्तर, सगळा कारभार उण्यात चालतो, हे मला नवीन नाय."

पाहणीत एक गोष्ट निघाली. राउटरची नावं दोन दिसत होती, एक साधं आणि एकापुढे '५जी' लावलेलं. नातवानं घरातले झाडून सगळे फोन '५जी'वर जोडले होते, कारण मोबाइलवरच्या जाहिरातीत ५जी म्हणजे लई भारी. पण मोबाइलचा ५जी वेगळा आणि राउटरवरचा वेगळा. राउटरवरचा ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ ही लहरींची पट्टी, दुसरी पट्टी २.४ गिगाहर्ट्झची. ५ ची लहर आखूड, सहा सेंटिमीटरच्या आसपास. वेग दांडगा, पण जाड भिंत आली की मान टाकते. २.४ ची लहर बारा सेंटिमीटरची. धीमी, पण भिंतीतून पार होण्यात उजवी. हे सगळं सूनबाईंनी सांगितलं तेव्हा तात्यांचा चेहरा कोराच होता. मग एकदम उजळला.

"म्हंजी ५ ही शिवनेरी, आन २.४ हा लाल डबा! शिवनेरी पळती झकास, पण मढच्या थांब्यावर थांबलेली पाहिलीय कधी? वाडीवस्तीवर जायला लाल डबाच लागतो."

मी शिकवण्यात आयुष्य घातलं, पण इतकं नेमकं उदाहरण मला सुचलं नसतं. त्याच दुपारी मागच्या खोलीतला लॅपटॉप लाल डब्यात बसवला गेला आणि सूनबाईंची मीटिंग निम्मी तरी ऐकू यायला लागली. खर्च शून्य. खरं तर इथंच थांबायला हरकत नव्हती. पण फुकटचं यश रेंजतात्याला पचत नाही.

पुढचा हल्ला अँटेनांवर झाला. राउटरच्या दोन्ही दांड्या तात्यांनी वाकवून मागच्या खोलीकडे रोखल्या. जगभरचे रेंजतात्या हेच करतात; त्यांना वाटतं, लहर दांडीच्या टोकातून पिचकारीसारखी निघते. प्रत्यक्षात ती दांडीच्या आजूबाजूला, आडवी पसरते आणि टोकाच्या दिशेला सगळ्यात कमी जाते. बैठ्या घरात दांड्या सरळ उभ्या ठेवाव्यात, हे एवढं सोपं आहे. पण उभी दांडी काही करते आहे असं वाटत नाही, आणि रोखलेली दांडी वाटते. हा वाद आठवडाभर चालला. सकाळी सूनबाई दांड्या उभ्या करत, दुपारी तात्या रोखत, आणि मधल्या वेळात काकू, म्हणजे तात्यांची बायको, त्यावर ओला टॉवेल वाळत घालत.

मग विज्ञान दिन आला. आमच्या तालुक्याचं एक वैभव बाहेरच्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. नारायणगावजवळ खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या चौकात जवळजवळ, उरलेल्या सोळा तीन दिशांना कित्येक किलोमीटर फाकलेल्या. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. २८ फेब्रुवारीला तिथं प्रदर्शन भरतं, शाळांच्या गाड्याच्या गाड्या येतात. नातवाबरोबर तात्याही गेले, आणि परत आले ते पेटूनच.

त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या होत्या. पहिली: दुर्बिणीजवळ गेलं की मोबाइल बंद करायला लावतात. आकाशातून येणारी लहर इतकी क्षीण, की आपल्या खिशातला फोन तिच्यापुढे बोंबलणारा माणूस ठरतो. म्हणजे तालुक्याच्या एका टोकाला रेंज नको म्हणून थोर थोर शास्त्रज्ञ जिवाचा आटापिटा करताहेत आणि दुसऱ्या टोकाला ती हवी म्हणून तात्या. ही विभागणी अन्यायाची आहे असं तात्यांचं ठाम मत पडलं. इकडची थोडी शांतता तिकडं देता आली असती. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. त्या एवढ्या थोरल्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत. बारीक तारेची जाळी आहे, ताणलेल्या तारांवर बसवलेली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च तर फारच कमी. स्वरूप यांच्या रचनेची कीर्ती याच काटकसरीसाठी आहे. दुर्बिणीला हव्या असलेल्या लहरी लांब असतात, एक वीत ते काही मीटर, त्यांना जाळीची बारीक भोकं दिसतच नाहीत. त्यांच्या लेखी ती भिंतच.

"जाळी!" तात्या म्हणाले. "मास्तर, सरकारी दुर्बीण जर जाळीवर चालती, तर आपला राउटर का नाय?"

गणित चुकीचं नव्हतं. वायफायची लहर बारा सेंटिमीटरची, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अर्ध्या इंची. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात २०१७ साली हाच उद्योग शास्त्रशुद्ध झाला: राउटरमागं अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा चढवलेला, मापात वळवलेला आडोसा ठेवायचा, म्हणजे नको तिकडची रेंज कमी होते आणि हवी तिकडची वाढते. मी तात्यांना आणखी एक सांगितलं. आपल्या वायफायमधलं काही मोलाचं गणित ऑस्ट्रेलियातल्या जॉन ओ'सलिव्हन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञाच्या खटपटीतून आलं. ते आधी फुटणाऱ्या चिमुकल्या कृष्णविवरांच्या लहरी शोधत होते, त्या काही मिळाल्या नाहीत. पण विस्कटलेला सिग्नल पुन्हा जुळवायची ती युक्ती, पुढे त्यांनी सहकाऱ्यांबरोबर खोलीतल्या भिंतींवर आपटून येणाऱ्या लहरींसाठी वापरली, आणि १९९६ साली त्यांच्या संस्थेला अमेरिकेत पेटंट मिळालं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ऑस्ट्रेलिया तेवढी वगळली. "म्हंजी वायफाय मुळात दुर्बिणीचंच. म्हंजी आपल्या तालुक्याचंच."

खुराड्याची जाळी कापली गेली. तिला बाक देऊन ती खिडकी आणि राउटर यांच्यामध्ये उभी राहिली. आणि चाललं की! रस्त्यावरची रेंज आटली, माजघरातला आकडा सुधारला. तात्यांनी वेबिलावर तो लाल शाईनं मांडला. पण ओटीही रस्त्याच्याच बाजूला येते. संध्याकाळी काकूंचं भजनी मंडळ ओटीवर मोबाइलवरचं कीर्तन लावून बसतं. बुवा निरूपणाच्या मध्यात थिजले, तोंड उघडं ते उघडंच. काकूंनी बुवांकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, पण पाहुण्या बायांदेखत काही बोलल्या नाहीत. त्याच रात्री उघड्या पडलेल्या खुराड्यातून मुंगसानं एक तलंग नेली. सकाळी जाळी जागच्या जागी परत गेली. बाजारात तलंगीला काय पडतात ते काकूंनी दोनदा, मोठ्यानं सांगितलं. स्वस्तातला उपाय म्हणता म्हणता तो घराला असा महाग पडला.

मधल्या काळात सल्लेही येत राहिले. पुण्याचा पुतण्या म्हणाला, मेश घ्या, तीन डबे येतात, घरभर ठेवायचे, आठ-दहा हजारांत काम. तात्या म्हणाले, तेवढ्यात शेळी येती, ती दूध तरी देती. ओतूरचे पाहुणे म्हणाले, लाइटच्या वायरीतून इंटरनेट नेणारे जोड मिळतात. मिळतात खरे, पण तात्यांच्या घरातली वायरिंग तीन पिढ्यांनी आपापल्या बुद्धीप्रमाणे केलेली आहे, मिक्सर लावला की देव्हाऱ्यातला दिवा विझतो. तो विषय तिथंच मिटला. पुन्हा मुंबईला गेलेल्या मुलानं मात्र विचारत न बसता एक रिपीटर पाठवून दिला, भिंतीतल्या प्लगात खोचायचा, हजार-बाराशेचा. घरात आलेली वस्तू ही 'घरात आहे त्यातली' धरायची, अशी सवड तात्यांच्या नियमात होती.

त्यांनी तो थेट मागच्या खोलीत लावला. जिथं आजारी तिथं औषध. हिरवा दिवा लागला, पूर्ण काड्या आल्या आणि इंटरनेट आलं नाही. सगळे बुचकळ्यात. रिपीटर स्वतः काही निर्माण करत नाही, मिळालेलं पुढं पाठवतो. त्याला मिळत होतं उणे ब्याऐंशी, तेच तो इमानदारीनं पूर्ण काड्यांनिशी वाटत होता. सूनबाई म्हणाल्या, "तात्या, खिरेश्वरला जायचं तर माणूस गाडी कुठं सोडतो?"

"खुबी फाट्याला."

"का?"

"तिथवर गाडी येती म्हणून."

"मग रिपीटर फाट्यावर लावा. खिरेश्वरात नको."

तात्या काही क्षण गप्प राहिले. पुढची खोली आणि मागची खोली यांच्या मधोमध, जिथं आकडा अजून चांगला होता तिथं, म्हणजे माजघरात रिपीटर आला. आता मागं इंटरनेट पोचलं, पण वेग निम्मा. एकाच रेडिओनं आधी ऐकायचं आणि मग तेच बोलायचं, यात वेळ जातोच. फाट्यावर गाडी बदलणाऱ्याचा वेळ जातो हे तात्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आणि मग लक्षात आलं, की निम्म्या वेगाला आणखी एक कारण आहे. माजघर आणि मागची खोली यांच्यामधल्या भिंतीला काकूंची मांडणी आहे. पाच फळ्यांची, भिंतभर. खाली हंडे आणि कळश्या, वर डबे उतरत्या भाजणीत, त्यावर परात, आणि सगळ्यात वर उभी लावलेली ताटं, एकाला एक खेटून, तीन पोरींच्या आणि एका मुलाच्या लग्नात आलेली, प्रत्येकावर नाव आणि तारीख कोरलेली. दिवाळीला चिंच लावून घासली की त्यात तोंड दिसतं. लहरीलाही दिसत असणार, कारण ती तिथूनच मागं फिरत होती. स्टील आणि पितळेचा इतका अखंड पडदा खोडदलाही नसेल.

मांडणी हलवण्याचा विषय सूनबाईंनी काढला नाही; त्या शहाण्या आहेत. तात्यांनी काढला.

"ह्या भिंतीला माझ्या सासूबाईंनी खुट्या मारल्यात," काकू म्हणाल्या. एवढंच. रेडिओ लहरींचं शास्त्र या वाक्यापाशी संपतं.

आता उरला एकच उपाय, जो पहिल्याच दिवशी करायला हवा होता: राउटर मध्यावर आणणं. तीस वर्षं ज्या माणसानं गाडीच्या दारात घुटमळणाऱ्या प्रत्येक उतारूला "मधी सरका, मधी जागा हाय" म्हणून ओरडून सांगितलं, त्याच्या घरात राउटर मात्र दारातच उभा होता. सूनबाईंनी हे नेमक्या याच शब्दांत सांगितलं. मी तात्यांना इतकं शरमलेलं क्वचितच पाहिलं आहे. पण त्यात मेख होती. खिडकीतल्या डब्यात बाहेरून येते ती फायबर, म्हणजे काच. ती वाकवून माजघरात न्यायची तर वायफायवाला पोरगा बोलवावा लागणार. आणि पोरगा बोलवायचा नाही, हे तर कलम पहिलं.

तोड सूनबाईंच्याच बॅगेत निघाली. मुंबईच्या घरातला जुना राउटर, कंपनी बदलल्यावर अडगळीत गेलेला. त्याच्या जोडीला वीसेक मीटर लॅनची वायर आळेफाट्याहून आली. ही वायर शंभर मीटरपर्यंत निर्धास्त जाते. फक्त आतली तार शुद्ध तांब्याची आहे ना, एवढं दुकानात विचारून घ्यावं, स्वस्तातल्या वायरीत अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. पुढच्या खोलीतून वायर वर चढली, उंदरांसाठी पाइपात घातली, आढ्याखालून मांडणीच्या डोक्यावरून मागच्या खोलीत उतरली आणि जुन्या राउटरच्या लॅनच्या भोकात खोचली. मग सूनबाईंनी सेटिंग उघडलं. जुन्याचा स्वतःचा आकड्यांचा पत्ता बदलला आणि इतरांना पत्ते वाटायचं त्याचं काम बंद केलं. तात्यांना हे खटकलं. चालू सेवेतल्या माणसाचे अधिकार असे काढून घ्यायचे?

"सीट नंबर एकानंच द्यायचे ना, तात्या? दोघांनी दिले तर एका सीटवर दोघं."

"अगदी बराबर," तात्या म्हणाले. अशा भांडणात त्यांनी आळेफाट्यावर रात्री काढल्या होत्या. नाव आणि पासवर्ड दोन्ही राउटरना एकच ठेवला, म्हणजे माणूस पुढच्या खोलीतून मागं गेला तर फोन आपलं आपण राउटर बदलतो. बटण दाबलं. मागच्या खोलीत आकडा आला उणे अडतीस, वेग पूर्ण. शिवनेरीसुद्धा धावायला लागली. सगळा खर्च वायर आणि पाइप मिळून रिपीटरच्या निम्माही नव्हता.

सगळे खूश. तात्या सोडून. ते वायरीकडे पाहत उभे होते.

"हे म्हंजी काय झालं? मधी थांबा नाय, मधी कुणाला विचारायचं नाय. पुढं बसला तो थेट मागं उतरला."

"हो. विनाथांबा."

"विनावाहक," तात्या म्हणाले, आणि खाली बसले. ज्या गाड्यांवर 'विनावाहक' अशी पाटी लागते, त्यांच्याविषयी तात्यांचं मत छापण्याजोगं नाही. निवृत्तीआधीची शेवटची काही वर्षं त्यांनी त्या पाटीशी मनातल्या मनात लढण्यात घालवली होती, आणि आता ती त्यांच्याच आढ्याखाली लागली होती.

दोन दिवस ते बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी लाइट गेली, राउटर बंद पडले, तेव्हा त्यांना जरा तरतरी आली. पण सूनबाईंनी राउटरपुरता छोटा यूपीएस मागवलेलाच होता, वहीएवढा डबा, तीन-चार तास चालतो. तरतरी ओसरली.

अखेर गोठ्यानं त्यांना तारलं. गावात बिबट्या दिसल्याची बातमी उठली आणि गोठ्यावर कॅमेरा बसवायचं ठरलं. स्वस्तातले वायफाय कॅमेरे बहुधा २.४ वरच चालतात. म्हणजे पुन्हा लाल डबा! आणि गोठा चहूबाजूंनी पत्र्याचा, रेंज आत शिरणार कुठून? तात्यांनी ट्रंक उघडली, नवं वेबिल काढलं. रिपीटर, जो मधल्या काळात बेकार झाला होता, तो स्लॅबच्या खोलीच्या मागच्या खिडकीत आला. तोच फाटा. तिथून गोठ्याचं दार समोर दिसतं. कॅमेरा पत्र्याच्या आत न लावता दाराच्या चौकटीवर लावला, ही सूचना खुद्द तात्यांची, आणि ती सोळा आणे बरोबर होती. त्यांनी ती गावात सगळ्यांना सांगितली. आता मढपासून करंजाळ्यापर्यंत कुणाच्या घरी चक्र फिरलं की तात्यांना बोलावणं येतं. ते जातात, चपला काढायच्या आत "राउटर कुठाय? दारात? मधी सरकवा आधी" म्हणतात, चहा घेतात, वेबिल भरतात. पैसे घेत नाहीत. कुणी नवीन वस्तू घेऊ का असं विचारलं तर चिडतात.

कॅमेऱ्याची पहिल्या रात्रीची चित्रफीत सकाळी ओटीवर सगळ्यांनी मिळून पाहिली. मलाही बोलावलं होतं. मध्यरात्र उलटून गेल्यावर म्हैस एकाएकी उठून उभी राहिली. कान टवकारले. दाराशी काहीतरी हललं. नातवानं काकूंचा हात धरला. अंधारातून आधी एक उजेडाचा ठिपका आला, मग त्यामागं कानटोपी, मफलर, आणि डावीकडे दोन बोटं झुकलेला खांदा. फोन उंच धरून ती आकृती गोठ्याच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेली, थांबली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा चालू लागली.

"रात्रीची रेंज वेगळी असती," तात्या घसा खाकरून म्हणाले. "ती बी मांडाय पायजे."

काकूंनी फोन नातवाच्या हातात दिला. "हे खोडून टाक बाबा," त्या म्हणाल्या, "फॉरेस्टवाल्यांनी पाहिलं तर पिंजरा लावतील."